इंग्लंडचा रकाना

सोलापूर, ता. ४ ऑगस्ट १९२९

चि. विरुपाक्ष यास मडिवाळप्पाचे आशीर्वाद.

तुझं पाकीट पोचलं. पत्र म्हणावं तर त्यात पत्र नाही. घर सोडून तुला दीड वर्ष झालं, मुलगा लंडनला गेला हे आम्हाला मुंबईच्या लाकडाच्या दलालाकडून कळलं, आणि एवढ्या दिवसांनी घरी काय आलं, तर कोष्टक! डावीकडे इंग्लंड, उजवीकडे जर्मनी, आणि लढाईच्या आधीपासून गेल्या सालापर्यंत कुणी बाहेरून किती मऊ लाकूड आणलं त्याचे आकडे. वर ‘अप्पांस’ नाही, खाली सही नाही. अक्षरावरून ओळखलं. सात काढताना तू अजून शेपूट लांब ठेवतोस.

कोष्टक कशासाठी पाठवलंस ते न कळण्याइतका मी खुळा नाही. त्या दिवशी वखारीत तू म्हणालास, सागवानाचे दिवस गेले, गिरण्यांना सुताची खोकी लागतात, त्यांना दांडेलीचा सागवान कशाला, विलायती पांढऱ्या फळ्या मागवा. मी काय म्हणालो ते तुझ्या लक्षात असेलच. पुढं जे झालं ते झालं. माझ्या हातात मोजायचा गज होता, तो काही मुद्दाम उचलला नव्हता. हमाल बघत होते एवढं खरं.

तर आता तुझ्या आकड्यांविषयी. इंग्लंडनं आपलं जंगल केव्हाच तोडून खाल्लं, त्यामुळं ते बाहेरून आणतं. जर्मनीकडे जंगल आहे, तरी ती आणते. यावरून सोलापूरच्या मडिवाळप्पानं सागवान सोडावा हे कुठं सिद्ध होतं? लंडनला बसून उंटावरून शेळ्या हाकू नकोस. आणि हे ‘स्टँडर्ड’ कसलं माप? आम्ही घनफुटात मोजणारी माणसं.

तुझी अव्वा शेजारी बसली आहे. आईचा जीव तो. “एन बरदान? काय लिवलंय वो?” असं सारखं विचारते. मी म्हटलं, लाकडाचं लिहिलंय. तर म्हणाली, “मग वाचा की. लाकडाचं तर लाकडाचं.” सगळे आकडे वाचून दाखवले. पुराण ऐकावं तशी हात जोडून ऐकत होती.

इकडील सर्व क्षेम.

सोलापूर, ता. २ मार्च १९३०

चि. विरुपाक्ष यास आशीर्वाद.

गेल्या सालचे आकडे घालून नवीन कोष्टक पाठवलंस ते मिळालं. समासात एक स्टँडर्ड म्हणजे एकशे पासष्ट घनफूट असा हिशेब दिलास, तेवढीच मेहेरबानी. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात. तुझा सुंभही जळलेला नाही.

मी दोन्ही रकाने शेजारी शेजारी ठेवून पाहिले. हे दोन देश एकाच दुकानातली गिऱ्हाइकं आहेत. स्वीडन, फिनलंड, रशिया, सगळा माल तिथूनच. जर्मनी आता हात आखडते आहे. एक गिऱ्हाईक उठून गेलं की दुकानदार नरम येतो आणि उरलेला माल स्वस्तात मुंबईच्या बंदरात येऊन पडतो. तुला हेच म्हणायचं होतं ना? मग चार हमालांपुढं तावातावानं बोलण्यापेक्षा असं शांतपणे दाखवायचं होतंस.

एक वॅगन पांढऱ्या फळ्या मागवल्या. नमुना म्हणून. ज्ञानबा मुकादमानं एका हातानं फळी उचलली आणि म्हणाला, “मालक, ह्ये लाकूड हाय का पापड?” पण वास चांगला आहे. तुझ्या अव्वानं त्यातली एक फळी उचलून घरात नेली आणि देवघराच्या भिंतीला टेकवून ठेवली. “पोराच्या गावाकडनं आलीया,” म्हणते. मी सांगितलं, अगं, ही स्वीडनची. तर म्हणाली, “वाटंत लंडन लागलं असंलच की.”

आमच्याकडे आता वाटणी झाली आहे. इंग्लंड तिचं, जर्मनी माझी. काल चहा देताना मला म्हणाली, “तुमची जर्मनी यंदा लईच रोडावली वो, खायला घाला की तिला.” आणि मग एकटीच किती तरी वेळ हसत बसली. तू गेल्यापासून तिला असं हसताना पाहिलं नव्हतं.

सोलापूर, ता. १० जुलै १९३०

चि. विरुपाक्ष यास आशीर्वाद.

पत्राला उशीर झाला. इथं मे महिन्यापासून मार्शल लॉ होता हे तुमच्या तिकडच्या वर्तमानपत्रांतून वाचलं असशील. गिरण्या बंद, रस्ते ओस, दाराबाहेर पडायची चोरी. आम्ही सुखरूप आहोत. वखारीला काही झालं नाही. फक्त माल उतरला नाही.

तुझ्या आजीची रीत तुला ठाऊक आहे. ज्या दिवशी वखारीत माल उतरत नाही, त्या दिवशी हमालांना मजुरी नाही, म्हणून घरच्या मालकिणीनंही एकच वेळ जेवायचं. सून म्हणून आल्या दिवसापासून तुझी अव्वा हे पाळत आली. एरवी पावसाळ्यात दोन-चार दिवस अशी वेळ यायची, त्याचं कुणाला काही वाटत नसे. या खेपेला सगळे दिवस तसेच गेले. मी म्हटलं, हा लष्कराचा कायदा आहे, त्याला तुझा उपास कशाला? तर म्हणाली, “हमालाच्या लेकराच्या पोटाला लष्कर कळतंय व्हय?”

आता वॅगनी येऊ लागल्या आहेत आणि ती दोन वेळा जेवते आहे. काळजीचं कारण नाही. तू विचारलं नाहीस, मीच लिहिलं.

सोलापूर, ता. १५ मार्च १९३१

चि. विरुपाक्ष यास आशीर्वाद.

कोष्टक मिळालं. जर्मनीचं काय व्हायचं ते दिसतच होतं, ती आणखी घसरली. पण इंग्लंडही खाली आलं हे मी आधी पाहायला हवं होतं. मी नेहमीसारखा मोठ्यानं वाचत सुटलो आणि तुझ्या अव्वानं वाती वळायच्या थांबवल्या.

“म्हंजे तितं माल कमी उतरला?”

मी म्हटलं, थोडासा. व्यापारात असं चालायचंच.

“मग त्याचं कसं वो? माल उतरला न्हाई तर त्याला कोण काय देणार?”

मी समजावून सांगितलं की विरुपाक्ष हमाल नाही, दलालाच्या कचेरीत कारकून आहे, खुर्चीवर बसून आकडे मांडतो, त्याला महिन्याचा पगार आहे. तिनं ऐकून घेतलं. संध्याकाळी मला ताट वाढलं आणि स्वतःचं घेतलं नाही. विचारलं तर म्हणाली, “इंग्लंडात माल घटलाय न्हवं?”

आमच्या वखारीत त्या दिवशी सात गाड्या उतरल्या होत्या, हे मी तिला ओरडून सांगितलं. तिचं म्हणणं, आपला माल आपल्या हमालांचा, तिकडचा माल तिकडच्यांचा, आणि तिकडं आपलं कुणी तरी आहे. या बाईशी वाद घालणं म्हणजे दगडावर डोकं आपटणं. तू तिच्यावर गेला आहेस. लोक माझं नाव घेतात.

तुमच्या गोदीवर हमाल कमी केले का? कचेऱ्यांतून माणसं काढतात का? बाजाराचा अंदाज यावा म्हणून विचारतो.

सोलापूर, ता. २० मार्च १९३२

चि. विरुपाक्ष यास आशीर्वाद.

माझ्या प्रश्नांना उत्तर नाही, नुसतं कोष्टक. इंग्लंड आणखी खाली. जर्मनीनं तर दारच लावून घेतल्यासारखं दिसतं. तुझं म्हणणं खरं ठरलं, मुंबईत पांढरा माल स्वस्त झाला आहे आणि अर्धी वखार आता त्यानं भरली आहे. हे वाचून तुला बरं वाटेल. वाटू दे.

तुझी अव्वा बरी आहे. बांगड्या हातातून खाली येतात म्हणून शिवबाईनं तिच्या मनगटाला दोरा बांधून दिला आहे. ही शिवबाई म्हणजे मागच्या गल्लीतली, हल्ली दोन्ही वेळच्या भाकऱ्या तीच थापून जाते. तुझ्या अव्वाला परातीपाशी फार वेळ बसवत नाही एवढंच. बाकी बरी आहे.

एक काम सांगतो. पुढच्या कोष्टकात इंग्लंडचा शेवटचा आकडा थोडा मोठा लिही. जर्मनीचा असेल तोच राहू दे. मला त्यावर माल घ्यायचा नाही, तेव्हा माझं काही बिघडत नाही. आयुष्यात मी एक इंच कमी मोजून दिला नाही हे तुला ठाऊक आहे, आणि तोच मी तुला हे लिहितो आहे. कारण विचारू नकोस. बापानं सांगितलं म्हणून कर.

मी स्वतः मनचा आकडा सांगू शकलो असतो असं तुला वाटेल. तिच्यासमोर कागद नुसता धरून खोटं बोलायचं म्हणजे जीभ अडखळते. तू लिहिलेलं असलं तर मी वाचलं असं होईल.

सोलापूर, ता. १२ मार्च १९३३

चि. विरुपाक्ष यास आशीर्वाद.

तू खराच आकडा पाठवलास. वर त्याच्याखाली तांबडी रेघ ओढलीस, म्हणजे म्हाताऱ्याला नीट दिसावा. बत्तीस साल तर सगळ्यांत वाईट निघालं. तुझ्या जागी दुसरा कुणी कारकून असता आणि त्यानं असा खरेपणा दाखवला असता, तर मी त्याची पाठ थोपटली असती. तुझा मला राग आला. वखारीत उगीचच ज्ञानबावर ओरडलो.

मग मीच वाचून दाखवलं. कागद डोळ्यांसमोर धरला आणि म्हटलं, जर्मनी घटली, इंग्लंड वाढलं. तिनं विचारलं, “किती?” मी सुचेल तो आकडा सांगितला. तिनं दोन्ही हात कपाळाला लावले. म्हणाली, “सिद्धरामेश्वरानं ऐकलं. आता पोराच्या हाताला काम हाय.” रात्री ताट वाढून घेतलं. दोन वर्षांनी रात्रीचं ताट. शिवबाईला हाक मारून म्हणाली, “भाकरी अजून एक टाक गं.”

तिनं ती भाकरी कशी खाल्ली हे मी बघत बसलो होतो. खोटं बोलल्याचं मला जराही वाईट वाटलं नाही. आणखी काही लिहावंसं वाटत नाही.

सोलापूर, ता. ६ डिसेंबर १९३३

चि. विरुपाक्ष यास आशीर्वाद.

हे पत्र अव्वानं लिहायला सांगितलेलं नाही. तिनं सांगितलं आहे की त्याला कळवू नका, तो कामात असेल.

ती आजारी आहे. मी आतापर्यंत ‘बरी आहे’ असं लिहीत आलो, ते बरोबर नव्हतं. तुझ्या देशात लाकूड कमी आलं म्हणून ती दोन वर्षं एकच वेळ जेवली. तुझ्यासाठी. तुझी आजी हमालांसाठी करायची तसं. मार्चपासून ती दोन्ही वेळा जेवायला बसते, कारण मी तिला इंग्लंडचा खोटा आकडा वाचून दाखवला. पण आता पोटात अन्न ठरत नाही. सिव्हिल सर्जनला दाखवलं. ते म्हणाले, आजार जुना आहे, अंगात ताकद हवी होती. काय आजार ते इंग्रजीत सांगितलं, ते मला नीट लिहिता येणार नाही.

उपासानंच झालं असं ते म्हणाले नाहीत. नाही असंही म्हणाले नाहीत.

तार करणार होतो. पण दारात तार आली की माणूस सगळ्यांत वाईट तेच समजतो, आणि तसं अजून काही नाही. शिवाय तार केली तर मी तुला बोलावलं असं होईल. मी बोलावलेलं नाही. तू आपणहून यावंस असं तिला वाटतं. मला काय वाटतं ते विचारू नकोस.

यायला जमणार नसेल तर कोष्टकाखाली एक ओळ लिही. अव्वाच्या नावानं. जेवतोस, अंगानं धड आहेस, एवढं पुरे. रोज दुपारी टपालवाल्याची वेळ झाली की ती अंथरुणावर उठून बसते. तिला उठायला त्रास होतो, पण ऐकत नाही.

सोलापूर, ता. ९ फेब्रुवारी १९३४

विरुपाक्षा,

तार तुला मिळाली असेल. संक्रांतीची गड्ड्याची जत्रा उठली आणि तुझी अव्वा गेली. जत्रेच्या नंदीध्वजाच्या काठ्या आपल्या गल्लीच्या तोंडाशी आल्या तेव्हा तिला ओट्यावर न्यायचं म्हटलं, तर म्हणाली, “हितनंच हात जोडते.” नंतरचे दिवस ती फारशी बोलली नाही. जानेवारीच्या चोविसाव्या तारखेला सकाळी गेली. मी शेजारी होतो. पेजेचे दोन घोट घेतले होते तिनं.

आपल्यात माणसाला बसवून नेतात, त्या विमानाला लाकूड लागतं. मी ओट्यावर बसून होतो, मला काही सुचत नव्हतं. ज्ञानबानं कुणाला न विचारता वखारीतून पांढऱ्या फळ्या काढल्या आणि सुताराला दिल्या. सागवान घे म्हणून मी उठणार होतो. मग बघितलं, खांदा द्यायला भावकीतले सगळे माझ्या वयाचे. गुडघे गेलेली, धाप लागणारी माणसं. राहू दे म्हटलं. ती तरी कुठं जड राहिली होती? समाधीच्या जागेपर्यंत कुणाला खांदा बदलावा लागला नाही. मातीची पहिली मूठ मुलाची. ती मी टाकली.

काल तुझं पाकीट आलं. वखारीतच फोडलं. इंग्लंड वर गेलं आहे. थोडंथोडकं नाही, गेल्या तीन सालांची घट धुऊन निघावी एवढं. मी फळ्यांच्या थप्पीवरून उठलो तो तसाच कागद घेऊन घरात गेलो आणि स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून म्हणालो, “अगं, वाढलं! खरंच वाढलं!” चुलीपाशी शिवबाई होती. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि पदर तोंडाला लावून मागच्या दारानं निघून गेली. मग मी तिथंच खाली बसलो आणि रडलो. अव्वा गेली त्या दिवशी रडलो नव्हतो.

वर्षभर मी तिला जे खोटं सांगत होतो ते शेवटी खरं निघालं. तिला मात्र माझ्या तोंडून खोटंच मिळालं. ती समाधानानं गेली असं शिवबाई म्हणते. लोक असं म्हणतातच.

नंतर कोष्टकाखाली पाहिलं. तुझ्या हातची ओळ होती. ‘अव्वास सांगणे, मी बरा आहे, दोन्ही वेळा जेवतो.’ त्याखाली तारीख सोळा जानेवारी. म्हणजे तू ती लिहिलीस तेव्हा अव्वा होती. माझं पत्र तुला नाताळाच्या आसपास मिळालं असेल. त्यावर तू तेव्हाच ही ओळ लिहून टाकली असतीस, तर टपालवाला वेळेत आला असता. पण डिसेंबरचा आकडा यायचा होता, आणि रकाना अपुरा पाठवायचा नाही म्हणून तू थांबलास. मी तुला दोष देत नाही. मी असतो तरी थांबलो असतो. आपण दोघं असेच आहोत, आणि आपल्या असं असण्याची किंमत तिनं मोजली.

रागानं हे लिहीत नाही. राग संपला. वखारीत सागवान आता मागं भिंतीला आहे, दर्शनी सगळा पांढरा माल. तू म्हणालास तसंच झालं. तू बरोबर होतास हे मी चार हमालांसमोर सांगायला तयार आहे, फक्त तू समोर हवास. ये. आलास तर काहीच विचारणार नाही. नाही जमलं तर नाही, पण मग यापुढं मला कोष्टक पाठवू नकोस. इंग्लंड वाढलं काय, जर्मनी घटली काय, इथं ऐकायला कुणी नाही.

एक गोष्ट मात्र तुला सांगायला हवी. ती मला नेहमी विचारायची, “आकडंच का धाडतो वो? माज्यासाटी दोन शबुद का न्हाईत?” मी तिला सांगायचो, तुला वाचता येत नाही ना, म्हणून. तिला ते पटायचं. स्वतःलाच बोल लावून गप्प बसायची.

विरुपाक्षा, मला वाचता येतं.